खर्चाच्या वहीत वेळेचा रकाना

खर्चाच्या वहीत तारीख, तपशील आणि रक्कम असे तीन रकाने सगळेच आखतात. माझं म्हणणं एवढंच, की चौथा आखा आणि त्यात वेळ लिहा. सकाळी ९.१०, संध्याकाळी ७.२५, असं घड्याळात बघून. पुढे जे काही सांगणार आहे, ते बहुतेक सगळं या एका रकान्यातून निघालंय.

मी पुण्यात टिळक रस्त्यावर एका करसल्लागारांच्या ऑफिसात बावीस वर्षं हिशेब लिहिते. दुकानदार, दवाखानेवाले, छोटे कारखानदार यांच्या किर्दी-खतावण्या माझ्या हाताखालून जातात. पिशवीभर बिलं टेबलावर ओतणाऱ्या माणसाला "काका, किरकोळ किरकोळ म्हणून चाळीस हजार गेले कुठे?" असं विचारणं हे माझं काम. आणि घरी? घरी वहीच नव्हती. जून २०२३ मध्ये आमच्या ह्यांच्या कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला, महिन्याला साधारण नऊ हजार कमी यायला लागले, तेव्हा कुठे दिव्याखालचा अंधार दिसला.

घर वडगाव बुद्रुकला. माणसं चार: आम्ही दोघं, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आणि अठ्ठ्याहत्तरीच्या सासूबाई. घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, कॉलेजची फी आणि विमा हे खर्च ठरलेले. ते काही माझ्या डोळे वटारण्याने कमी होणार नव्हते, म्हणून त्यांच्या नादी लागले नाही.

ऑफिसात एखादी नोंद कशाची ते कळलं नाही, की ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. वर्षअखेरीच्या आत ते खातं उकलून शून्यावर आणायचं असतं. घरातलं सस्पेन्स खातं म्हणजे 'किरकोळ'. जुलैच्या शेवटी माझ्या वहीत किरकोळ निघालं ६,८४० रुपये. ते उकलायला बसले तेव्हा सवयीने वेळाही तपासल्या, कारण कॅशबुकात नोंदींचा क्रम लागतो. आणि बघते तर ४,९१० रुपये संध्याकाळी सहा ते रात्री साडेनऊच्या मधले! सकाळी आमच्या घरात कुणी उधळेपणा करत नव्हतं. दुपारीही नाही. दमून परतणारी तीन माणसं घरी पोचेपर्यंत आणि पोचल्यावर तासाभरात पैसे सोडत होती.

तुमच्या घरात ही वेळ वेगळी असेल. माझ्या मैत्रिणीची निघाली रात्री अकरानंतरची, अंथरुणात पडून मोबाइल चाळतानाची. एका ओळखीच्या गृहस्थांची तर रविवारी सकाळी दहा ते बाराची, 'जरा फेरफटका मारून येतो' म्हणून बाहेर पडल्यावरची. म्हणून आधी आपली वेळ शोधायची. तोवर एक पैसासुद्धा वाचवायला जाऊ नका.

वही कशी भरायची

मागच्या महिन्याची वही आजच तयार होऊ शकते. यूपीआयच्या ॲपमध्ये प्रत्येक व्यवहारापुढे तारीख आणि वेळ असते. रविवारी तासभर बसून मागच्या तीस दिवसांची यादी कागदावर उतरवा. हाताने. मोबाइलमध्ये बघून 'हं, कळलं' म्हणणं आणि 'सामोसे १२०, सामोसे ९०, सामोसे १२०' असं स्वतःच्या अक्षरात तिसऱ्यांदा लिहिणं यात फार फरक आहे. तिसऱ्यांदा लिहिताना पेन जड होतं.

रोखीचे खर्च त्यात येणार नाहीत. त्यासाठी पर्समध्ये छोटी डायरी ठेवा. पुढच्या महिन्यापासून घरातल्या प्रत्येक कमावत्या आणि खर्चत्या माणसाने आपलं आपण लिहायचं. इथे घरात भांडण होतं, हे आधीच सांगून ठेवते. हे म्हणाले, "म्हणजे आता वडापाव खाल्ला तरी वेळ सांगायची?" मुलगा म्हणाला, "आई, हे तर ॲटेंडन्स झालं." मी म्हटलं, रक्कम विचारणार नाही, कशाला खर्च केला हेही विचारणार नाही, फक्त वेळ लिहा आणि दमलेले असाल तर शेजारी 'द' काढा. कमी विचारलं की माणसं जास्त लिहितात. पंधरा दिवसांत दोघंही सगळंच लिहायला लागले.

एक महिना झाला की लाल पेन्सिलने 'द' मोजायचे. त्यांच्या रकमांच्या बेरजेखाली दोन रेघा मारा, ती तुमची वाचवण्याजोगी रक्कम. सगळी वाचत नाही. आमची तिसऱ्या महिन्यात निम्म्यावर आली आणि गेली दोन वर्षं तिथेच आहे. त्याच्या खाली न्यायला गेलं की घरात कटकट वाढते, असा अनुभव आहे.

पावणेसहाचे शेंगदाणे

सगळ्यात जास्त पैसे वाचवले ते शेंगदाण्यांनी. भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, किंवा फुटाणे, किंवा राजगिऱ्याचा लाडू. स्टीलच्या छोट्या डबीत, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. ऑफिसातून निघायच्या आधी पावणेसहाला खायचे आणि पाणी प्यायचं, मग पर्स उचलायची.

याचं कारण वहीतच होतं. माझ्या 'द' लावलेल्या नोंदींत पहिली नेहमी खाण्याची, आणि तिच्यामागून बाकीच्या. भुकेली मी स. प. महाविद्यालयाच्या बाजूला आले की आधी काहीतरी खायचे. मग बसची गर्दी बघून रिक्षा करायचे. मग रिक्षात बसल्या बसल्या 'आता घरी जाऊन काय करणार' म्हणून चिरलेली भाजी किंवा सरळ जेवणच मागवायचे. एका भुकेवर तीन खर्च. त्यात रिक्षा महागाची. सप्टेंबर २०२२ मध्ये ठरलेल्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये. सहा किलोमीटरच्या माझ्या घराला शंभरी झालीच. आठवड्यातून तीनदा म्हणजे महिन्याला बाराशे. शेंगदाणे-गूळ महिन्याला दीडशेच्या आत बसतात.

ह्यांच्या पिशवीतही तसलीच डबी असते. कंपनीची बस नवले पुलापाशी सोडते आणि तिथून घरापर्यंत काय काय तळलं जातं ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. डबी आल्यापासून वडापाव बंद झालेला नाही. पण पूर्वी एक स्वतः खाऊन चार घरी बांधून आणत, आता एकच खातात. घरी आणलेले चार कुणी मागितलेले नसायचे, ते भुकेने आणलेले असायचे.

आता त्या 'घरी जाऊन काय करणार'चं. त्या प्रश्नाचं उत्तर सकाळी देऊन टाकायचं. संध्याकाळचा स्वयंपाक सकाळीच करून ठेवा असं मी म्हणत नाही. सकाळी मला पोळ्या आणि डबे उरकून ८.५० ची बस गाठायची असते. फक्त सकाळी काहीतरी भिजत घालायचं. रात्री भिजवलेली मटकी सकाळी उपसून फडक्यात बांधली की उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड डोकावतात. थंडीत एक दिवस जास्त धरा. छोले किंवा राजमा सकाळी भिजवला तर रात्री कुकरला लावता येतो. मुगाची डाळ-तांदूळ नुसते धुऊन फ्रिजमध्ये ठेवले तरी चालतं. भिजलेलं धान्य घरी वाट बघतंय हे माहीत असलं की बाहेरून मागवायला हात धजावत नाही, आता टाकून कसं द्यायचं!

गुरुवार मात्र हक्काचा पिठल्याचा. गुरुवारपर्यंत मी पार थकलेली असते आणि भाजी संपलेली असते, हेही वहीनेच दाखवलं. पिठलं, भाकरी किंवा सकाळच्या पोळ्या, कांदा. वीस मिनिटं. मुलाने सुरुवातीला तोंड वाकडं केलं. मग त्याने स्वतःच पिठलं शिकून घेतलं आणि आता गुरुवारी तोच करतो. गाठी होतात. खातो.

भाजी, मार्केट यार्ड आणि माझी चूक

सगळे सांगतात, गुलटेकडीला मार्केट यार्डात जा, भाजी स्वस्त. खरं आहे, पण अर्धं. तिथे पाव किलोची कामं होत नाहीत. चार माणसांच्या घरात पाच किलो टोमॅटो आणले तर दोन किलोची चटणी आणि एक किलोचा चिखल होतो. शिवाय जायला-यायला रिक्षा केली तर फायदा तिथेच मिटला. आम्ही सोसायटीतली तीन घरं मिळून जातो, महिन्यातून दोनदा, एकीची चारचाकी आहे म्हणून. रविवारी सकाळी लवकर. शनिवारी यार्डाला सुट्टी असते, माहीत नसलेली माणसं हेलपाटा घालतात. आणायचं ते फक्त टिकणारं: कांदे, बटाटे, लसूण, आलं, लिंबं, लाल भोपळा. हे तिघींत वाटून घ्यायचं. पालेभाजी, काकडी, टोमॅटो घराजवळच्या भाजीवालीकडूनच, दोन-दोन दिवसांचं. आणि तिच्याशी घासाघीस करत नाही. सव्वाशेची भाजी घेऊन पाच रुपयांसाठी वाद घालायचा आणि त्याच संध्याकाळी ॲपवर वीस रुपये 'हँडलिंग'चे मुकाट भरायचे, असं मी स्वतः केलंय, त्याची अजून लाज वाटते.

घाऊक खरेदीच्या हौसेत मी एकदा पडले होते. मे २०२४ मध्ये आईची आठवण काढत वर्षाचा गहू भरला. आमच्या माहेरी उन्हाळ्यात गच्चीवर गहू वाळत पडायचे, कोठीत कडुनिंबाचा पाला जायचा. मी शंभर किलो आणले, एक रविवार गॅलरीत कसेबसे वाळवले आणि कोठीत भरले. गॅलरीला ऊन येतं तीन तास. पावसाळ्यात कोठी उघडली तर सोंडे. निम्मे चाळून, निवडून वापरले, बाकीचे गेले. कोठी भरायची ती ऊन आणि जागा असलेल्या घराने. फ्लॅटमध्ये तीन महिन्यांचा गहू पुष्कळ. तांदूळ मात्र मी सहा महिन्यांचा घेते, बोरिक पावडर लावून. तो नीट राहतो. वापरायच्या आधी तीन-चार पाण्यांतून धुवायचा.

डाळी आणि साखर दोन महिन्यांची. यादी महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, डबे उघडून, आत बघून करायची. आठवून केलेल्या यादीत हळद नेहमी येते. आमच्याकडे एकदा हळदीचे चार पुडे निघाले.

मोबाइलमधला पैसा

पूर्वी पाकिटातल्या नोटा संपल्या की माणूस थांबायचा. दुकानंही दुपारी एक ते चार झोपायची, त्याबद्दल जगाने पुण्याला हसून घेतलं. पण ज्याला रात्री साडेनऊला खरेदीचा झटका येतो, त्याच्यासाठी बंद शटर हे किती उपकाराचं होतं ते आता कळतं. दहा मिनिटांत आणून देणारं ॲप कधी झोपत नाही.

त्यावर मी दोन गोष्टी करते.

एक, यूपीआय लाइट. बहुतेक यूपीआय ॲपमध्ये ही सोय आहे. खात्यातून थोडे पैसे मोबाइलमधल्या या छोट्या पाकिटात भरायचे, मग लहान रकमा पिन न टाकता त्यातून जातात. जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंत देता येतात. लोक ते वेळ वाचवायला वापरतात, मी कुंपण म्हणून वापरते. सोमवारी सकाळी माझे १,२०० भरते. आठवडाभरचा चहा, बस, भाजी, किरकोळ सगळं त्यातून. संपले की संपले. यात एक मेख आहे. शिल्लक कमी झाली की आपोआप भरण्याची सोय असते, ती बंद ठेवा, नाहीतर कुंपणच शेत खाईल. आणि लाइटमधले छोटे व्यवहार बँकेच्या पासबुकात एकेक करून दिसत नाहीत, नुसती भरलेली रक्कम दिसते. म्हणून वही चालूच ठेवायची.

दोन, रात्री फक्त टोपलीत टाकायचं. काही हवंसं वाटलं की ॲपच्या कार्टमध्ये टाका, मनाचं समाधान करा आणि मोबाइल ठेवून द्या. पैसे भरायचे सकाळी सातला, चहा घेताना. सकाळी तीच टोपली बघताना मला दर वेळी प्रश्न पडतो की रात्री ही कोण बाई माझ्या मोबाइलमध्ये घुसली होती. डिसेंबरमध्ये मी मोजलं होतं: रात्री टाकलेल्या ३१ वस्तूंपैकी सकाळी १३ मागवल्या. उरलेल्यांशिवाय काही अडलं नाही. त्यातली एक खोबरं किसायची इलेक्ट्रिक किसणी होती. आमच्या घरात विळीवर खोबरं खवणाऱ्या सासूबाई बसलेल्या असताना!

वर्गण्यांचंही बघून घ्या. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचं पान असतं, तिथे दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांची यादी मिळते. कार्डावर लावलेल्या असतील तर बँकेच्या ॲपमध्ये शोधा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या निदान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती येते, आपणच वाचत नाही. आमच्याकडे अशा तीन निघाल्या. एक मुलाच्या कुठल्याशा कोर्सची, एक गाण्यांची, आणि एक सासूबाईंच्या मोबाइलवरची, कीर्तन ऐकता ऐकता चुकून दाबलेली. तिन्ही पाच मिनिटांत रद्द झाली.

सकाळच्या वेळेची कामं

काही बचतीत कष्ट काहीच नसतात, फक्त ताज्या डोक्याने एकदा बसावं लागतं. ती कामं रविवारी सकाळी एकेक करून उरकून टाका.

वीजबिल हे त्यातलं पहिलं. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. १०१ वं युनिट झालं की सगळंच बिल महाग होतं, असं आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना वाटतं. तसं नाही, पहिली १०० पहिल्याच दराने धरतात, वरच्या युनिटांनाच वरचा दर. म्हणून जिवाचा आटापिटा नको, पण मोठी उपकरणं बघा. गीझर दोन हजार वॉटचा असतो, अर्धा तास सलग तापला की एक युनिट. चौघांच्या अंघोळी एकापाठोपाठ झाल्या तर एकदाच तापतो. आमच्याकडे मुलगा साडेदहाला उठून पुन्हा लावायचा, त्याला आता सकाळी सहालाच बादलीचा नंबर मिळतो. पंखा साधा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी साधारण ३० वॉटचा. सासूबाईंच्या खोलीत दिवसाला बारा तास फिरतो, तिथे महिन्याला सोळा युनिटं वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तरी १६० रुपये. जो पंखा पाहुणे आल्यावरच फिरतो तो बदलू नका. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर कर सोडून बाकीच्या रकमेवर एक टक्का सूट मिळते. आमच्या १,८०० च्या बिलावर पंधरा-सोळा रुपये. तेवढ्यात आमच्या गल्लीतला एक वडापाव येतो.

औषधं. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांचं बिल महिन्याला ११०० च्या पुढे जायचं. त्यांच्या डॉक्टरांना विचारलं, कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का? त्यांनी दिलं. तीच मूळ औषधं जनऔषधी केंद्रात साधारण ३५० ला मिळतात. सगळी मिळत नाहीत. एक गोळी अजून नेहमीच्या दुकानातूनच आणतो. आपल्या मनाने बदलू नका, आणि बदलल्यावर पहिले काही दिवस रक्तदाब मोजून लिहून ठेवा.

मिळकतकर. महापालिकेचं बिल आलं की एप्रिल-मेमध्ये भरून टाका, सामान्य करात ५ ते १० टक्के सवलत मिळते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्क्यांची सवलत आहे. ती तुमच्या बिलात धरली आहे का बघा. नसेल तर पीटी-३ अर्ज भरावा लागतो. माझ्या टेबलावर आलेल्या किती तरी माणसांनी बिल न वाचता भरलेलं असतं. वर्षभर कोथिंबिरीच्या जुडीवर भांडणारी माणसं ही!

बसचा पास. यात मी स्वतः फसणार होते. १ जून २०२५ पासून पीएमपीएमएलचे दर वाढले, मासिक पास ९०० वरून १,५०० झाला आणि दिवसाचा ४० वरून ७० वर गेला. पास म्हणजे बचत, असं डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की काढायलाच निघाले होते. मग बसमध्येच बोटांवर हिशेब केला. मी दांडेकर पुलाला उतरून पंधरा मिनिटं चालते, जाताना २० आणि येताना २०, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे हजार. पासाने मला पाचशेचा खड्डा पडला असता. ज्यांना दोन बस बदलाव्या लागतात, किंवा दिवसभर हिंडण्याचं काम असतं, त्यांना तो परवडतो. रोजची तिकिटं एका आठवड्याची जपून ठेवा, बेरीज करा, मग ठरवा.

इंजिनिअरिंगची पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी घेतो आणि सेमिस्टर संपलं की तिथेच देतो. मुलाला आधी संकोच वाटायचा. एका पुस्तकात आधीच्या मुलाने पेन्सिलने सोडवलेली गणितं मिळाली, तेव्हापासून हट्टाने जुनीच मागतो.

वाचलेले पैसे लपवा

वाचलेला पैसा खात्यात नुसता पडून राहिला की महिनाअखेरीला पुन्हा संध्याकाळच्या हाती लागतो. म्हणून पगाराच्या दिवशी सकाळीच तो बाहेर काढायचा. मी पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव उघडली आहे. महिन्याला १०० रुपयांपासून सुरू करता येते, ऑक्टोबर २०२३ पासून व्याज ६.७ टक्के आहे. महिन्याला २,००० भरले तर पाच वर्षांत १ लाख २० हजार जातात आणि साधारण १ लाख ४२ हजार परत येतात. याहून जास्त परतावा देणारे मार्ग आहेत, शेअरवाले आमचे क्लायंट मला रोज सांगतात. पण हप्ता चुकला की शंभराला एक रुपया दंड बसतो, आणि तीन वर्षांच्या आत सहजी मोडता येत नाही. मला तोच अडथळा हवा होता.

भिशीबद्दल नेहमी विचारतात. मी सोसायटीतल्या बारा जणींच्या भिशीत आठ वर्षं आहे. व्याज शून्य, पण शेजारणीसमोर 'या महिन्यात जमलं नाही' म्हणायची लाज हेच तिचं बळ. भिशी लावायची ती जिच्या घराची बेल आपण कधीही वाजवू शकतो तिच्याबरोबरच. मोठ्या रकमेच्या, अनोळखी माणसांच्या, लिलावाच्या भिशीत मी जात नाही. ऑफिसात लोक रडत आलेले पाहिलेत.

आणि काही गोष्टींना मी हात लावलेला नाही. ऑफिसातला अकराचा चहा तसाच चालू आहे. बचतीवर बोलणारा प्रत्येक माणूस आधी चहावर घसरतो. माझ्या वहीत चहापुढे एकदाही 'द' नाही, आणि चौघींनी टपरीवर उभं राहून घेतलेल्या त्या दहा मिनिटांशिवाय मार्च महिना कसा काढायचा? धुण्याभांड्याच्या मावशींचे पैसे कमी केले नाहीत, दिवाळीचा एक पगारही नाही. त्या नसत्या तर माझी दमणूक दुप्पट झाली असती आणि 'द' चौपट. दूध एक लिटरच येतं. रविवारची जिलबी बंद केली होती, तीन आठवड्यांनी परत सुरू केली, कारण तिच्याऐवजी मुलगा सोमवारी बाहेर जाऊन दुप्पट खर्च करून येत होता.

सासूबाईंची फुलपुडीही तशीच. रोज सकाळी दाराच्या कडीला अडकवून जातो तो मुलगा. मी कधी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, पण घरात सगळेच लिहितायत म्हटल्यावर त्यांनाही वाटलं असावं की आपलाही हिशेब द्यायला हवा. मागच्या आठवड्यात वही उघडली तर माझ्या आणि ह्यांच्या नोंदींच्या मध्ये थरथरत्या अक्षरात एक ओळ: फुलपुडी, १० रुपये, सकाळी ६.४०. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे आम्ही 'द' काढतो तिथे, त्यांनी पूर्ण वाक्य लिहिलं होतं: दमले नव्हते.